पिवळी फीत

टण्ण.

सासूबाईंनी कुणाच्या तरी कोटाच्या खिशात सापडलेलं बटण वाटीत टाकलं. टाकलं म्हणजे हात चांगला खांद्यापर्यंत वर नेऊन सोडलं. एरवी त्या खिशातली वस्तू वाटीत अलगद ठेवतात. गिऱ्हाइकाची चीज आहे, आपटायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण आमच्यातलं बोलणं बंद झाल्यापासून काही सांगायचं असलं की त्या वाटी वाजवायच्या.

आत्ताच्या वाजण्याचा अर्थ होता, तुझं गाठोडं उचल.

मी वाकले, तर त्यांनी टेबलावरचा लाकडी चिमटा माझ्याकडे सरकवला. माझेच कपडे मी चिमट्याने उचलून मागच्या टाकीपाशी नेऊन ठेवायचे होते. पलीकडे प्रेसवर उभे असलेले इस्त्रीवाले काका एका पँटची एकच चुणी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. त्यांना बिचाऱ्यांना कुठे बघावं कळत नव्हतं.

आमची लाँड्री आहे. खाली लाँड्री आणि वर आम्ही. पुढे काउंटर, त्याच्या मागे कपडे निवडायची खोली, तिच्या मागे मशिनं, आणि सगळ्यात मागे उघड्या अंगणात उकळायची टाकी आणि वाळत घालायच्या तारा. आलेल्या प्रत्येक गाठोड्याला आम्ही फीत बांधतो. साध्या कपड्यांना पांढरी, नाजूक कपड्यांना निळी. आणि आजाऱ्याच्या कपड्यांना पिवळी. दवाखान्यातून आलेल्या चादरी, कुणाच्या घरी कांजिण्या निघाल्या असतील तिथले टॉवेल, असलं सगळं पिवळ्यात. पिवळ्याला हात लावायचा नाही, चिमटा वापरायचा, आणि दुसऱ्या कशात न मिसळता ते उकळायचं. ही सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. ते जाऊन बरीच वर्षं झाली. काउंटरच्या वर त्यांचा फोटो आहे आणि फोटोतही ते समोरच्याच्या कॉलरवरचा मळ बघत असल्यासारखे दिसतात.

माझ्या कपड्यांना सासूबाईंनी पिवळी फीत बांधली होती.

टेबलाच्या टोकाला बसून माझी लेक हे बघत होती. शाळेतून आली की ती तिथे बसते आणि वाटीतल्या वस्तू वेगळ्या करते. किल्ल्या एका बाजूला, पेनं एका बाजूला, बटणं रंगाप्रमाणे. रांगत होती तेव्हापासून तिला बटणांचं वेड. एकदा तिने एक गिळलं होतं, आणि ते परत मिळेपर्यंत या घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी जी काय वाट बघितली ती सांगण्यासारखी नाही. तेव्हापासून सगळे तिला बटणच म्हणतात. आता ती दहा वर्षांची आहे. तिच्या केसांना कायम वाफेचा आणि साबणाचा वास येतो, आणि मी दिवसातून कितीतरी वेळा काहीतरी निमित्त काढून तो घेते.

"आई, तुला कांजिण्या झाल्यात?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग पिवळी का?"

टण्ण. या वेळी किल्ली.

झालं होतं असं. बटणचा खोकला दाखवायला मी दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बटणला औषध लिहून दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची तिशी झाली ना? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी केलीय?"

"मला काही त्रास नाही."

"त्रास नसतानाच करतात ती."

नमुना घ्यायला फार वेळ लागला नाही. निकाल घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. तुमच्यात एक विषाणू सापडलाय, त्याला एचपीव्ही म्हणतात. हा कॅन्सर नाही. हा इतका पसरलेला आहे की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, आणि बहुतेकांचं शरीर तो स्वतःच घालवून टाकतं. काही जणींच्यात मात्र तो मुक्काम करतो, आणि मग पुष्कळ वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून पुढची तपासणी करायची, काही बदल दिसला तर तेवढाच काढून टाकायचा.

"कुणाकडून आला?" मी विचारलं होतं.

"ते कुणालाच कळत नाही. कधी आला तेही नाही. तो अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो. हे घरी पण सांगा, कारण घरी पहिला प्रश्न हाच येतो."

मग त्यांनी बटणकडे बघितलं. ती वजनकाट्यावर एक पाय ठेवून आपला अर्धा भाग किती भरतो ते बघत होती. "हिच्यासाठी लस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नऊ ते चौदाच्या मुलींना देतोय शनिवारपासून. विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तर उत्तम. तुमच्यातला काही त्याने जाणार नाही, पण हिच्यापर्यंत तो येणार नाही."

मला तेवढंच हवं होतं. माझं काय व्हायचं ते होवो, बटणला शनिवारी ती लस मिळायला हवी.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. आम्ही चादरी घडी करत होतो. डबल बेडची चादर दोघांनी घडी करायची असते. दोघं दोन टोकं धरून लांब उभे राहतात, झटकतात, मग चालत जवळ येतात आणि एकाची टोकं दुसऱ्याच्या हातात देतात. आमचं लग्न झालं तेव्हा माझं सगळ्यात आवडतं काम हेच होतं. मी सांगितलं तेव्हा हे निम्म्या वाटेवर होते. ते तिथेच थांबले.

"कुणाकडून?"

"ते कळत नाही म्हणाल्या."

"म्हणजे माझ्याकडून म्हणतेस."

"मी असं म्हटलंच नाही."

"मग दुसऱ्या कुणाकडून?"

आणि त्यांनी आपली टोकं सोडून दिली. चादर माझ्या पायाशी पडली. मी ती उचलून पुन्हा झटकेपर्यंत ते आपल्या आईकडे जाऊन सगळं सांगूनही आले होते. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, इतकंच. लहानपणी मार चुकवायला आईला सगळं आधीच सांगून टाकायची सवय लागली, ती गेली नाही.

मी मागोमाग गेले. सासूबाई निवडायच्या टेबलापाशीच बसल्या होत्या. बटणही तिथेच होती.

"तसल्या बायकांना होतं हे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. शर्टाला शाई लागलीय, असं सांगावं तसं म्हणाल्या.

"आई, पोरगी बसलीय," मी म्हणाले.

"बसू दे. तिलाही कळू दे, कुणाच्या पोटी आलीय."

त्यांनी फितीचं रीळ ओढलं आणि माझे कपडे बांधले. त्या दिवसापासून ह्यांनी खाली काउंटरमागे अंथरूण टाकलं.

लसीचं मी बोलले तेव्हा तर घरात जी जुंपली ती विचारू नका.

"मी जिवंत असेपर्यंत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दहा वर्षांच्या पोरीला असल्या रोगाचं इंजेक्शन? काय शिकवतेस तिला? जा बाई, आता तुला रान मोकळं?"

"तुम्ही नवा रंगीत कपडा आधी मिठाच्या पाण्यात भिजवता की नाही? रंग पक्का राहावा म्हणून? तेव्हा तो मळलेला असतो का?"

"पोरगी म्हणजे कापड नव्हे."

"मग मी तरी कुठे कापड आहे? मला का फीत बांधलीत?"

इस्त्रीवाले काका खोकले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांचा खोकला त्यांनी गिळला.

"अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी," मी ह्यांना म्हणाले.

"बघू," हे म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, फक्त तोंड दुसरीकडे करून.

असा तो आठवडा चालला होता. वर स्वयंपाकघरात माझं ताट वेगळं, कप वेगळा. बटणचा गणवेश मी धुवायचा नाही. तिची वेणी मी घालायला बसले की सासूबाई हाक मारायच्या, "इकडे ये गं, मी घालते." बटण जायची, कारण आजीची वेणी घट्ट बसते. जाताना माझ्याकडे मान वळवून बघायची.

शुक्रवारी दुपारी मी माझं गाठोडं टाकीतून काढलं. मी टाकीपाशी ठेवलेलं गाठोडं आत टाकायचं काम सासूबाई सकाळी सगळ्यांच्या आधी स्वतः करायच्या, आणि काढून वाळत घालायचं काम माझं. मी एकेक कपडा पिळून तारेवर टाकत होते. माझे दोन कुडते, माझा टॉवेल. आणि त्याच्या खाली एक गाऊन.

फिक्या निळ्या फुलांचा, पुढे दोन मोठे खिसे असलेला. खिशात चष्म्याचं घर मावतं म्हणून सासूबाई तसलेच गाऊन शिवून घेतात.

चुकून आला असेल म्हणून मी तो झटकला. मागच्या बाजूला, बसायच्या जागी, हाताच्या पंज्याएवढा तपकिरी डाग होता. कडा गडद, मध्ये फिका. उकळून कापडात कायमचा बसलेला.

मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला शिकवलेला पहिला धडा हाच होता. रक्ताला गार पाणी. गरम लागलं की ते कापडाचंच होऊन जातं, मग कितीही घास. रक्ताचा डाग त्यांच्या हातून उकळत्या पाण्यात जाणं म्हणजे सुताराने करवतीच्या उलट्या बाजूने लाकूड कापणं. ही चूक त्यांच्याकडून झाली याचा अर्थ एकच होता. त्यांना तो गार पाण्यात घासायला जागा मिळाली नव्हती. डागाचं टेबल निवडायच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वर मोरीत बटण नाहीतर मी. या अख्ख्या घरात कुणी हात लावणार नाही अशी एकच गोष्ट होती, माझं पिवळं गाठोडं. त्यांनी तो तिथे लपवला होता, आणि गाठोडं कुणी उघडून बघायच्या आत तसाच टाकीत सोडला होता.

त्यांची पाळी बंद होऊन किती वर्षं झाली असतील. बटण झाली तेव्हाच बंद होती.

मग एकेक आठवायला लागलं. खुर्चीवर नेहमी जाड टॉवेलची घडी घेऊन बसणं. मधेच उठून वर जाऊन येणं. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेले. दवाखान्यातल्या भिंतीवरची ती पाटी मी नमुन्याच्या निकालाची वाट बघत बसले असताना इतक्या वेळा वाचली होती की पाठ झाली होती. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं तर वाट बघू नका.

मी गाऊन घेऊन आत गेले. काका जेवायला गेले होते, हे गिऱ्हाइकाकडे. सासूबाई एकट्याच होत्या. मी तो डागाच्या टेबलावर पसरला.

"हा कुणाचा?"

त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसांत पहिल्यांदा वाटी न वाजवता बोलल्या. "तुझ्या गाठोड्यात होता ना? मग तुझा."

"मी कधीपासून दोन खिशांचे गाऊन घालायला लागले?"

"गंज आहे तो. तारेचा."

"बरं."

मी फडताळातून गंजाचं औषध काढलं. गंजावर ते घातलं की डाग डोळ्यांदेखत पिवळा होत उडून जातो. मी डागावर ओतलं आणि ब्रश मारला. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. सासूबाईही बघत होत्या, जणू खरंच गंज असला तर जाईल. डाग तसूभर हलला नाही.

"कधीपासून जातंय?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"कधीपासून?"

"जातं थोडं. उष्णता आहे अंगात. दिवसभर वाफेत उभं राहून बघ, तुझंही जाईल." त्यांनी गाऊन ओढला आणि बोळा करून काखेत धरला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे बघ. उद्या शनिवार आहे. पोरीला घेऊन जा. काय टोचायचं ते टोचून आण. मी आड येणार नाही, त्यालाही सांगते. आणि तू हे बघितलं नाहीस."

माझ्या सगळ्या आठवड्याचं भांडण त्यांनी असं घडी करून माझ्या हातात दिलं. मला ते पटकन घ्यावंसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. या बाईने माझ्या लेकीसमोर मला नको ते म्हटलं होतं. माझं ताट वेगळं केलं होतं. ती स्वतः रक्ताने भिजलेली असताना तिने मला चिमटा धरायला लावला होता. गप्प बसायला माझं काहीच जाणार नव्हतं. गप्प बसायची तर सवयच होती.

पण उद्या बटणला टोचून आणायची आणि मग रोज संध्याकाळी तिची वेणी घालणाऱ्या त्या हातांकडे बघत बसायचं, ते हात कधी वाळत जातात याची वाट बघत? मला ते जमणार नव्हतं. चांगुलपणा वगैरे नाही. जमलं नसतं, बस्स.

"उद्या तिघी जाऊ," मी म्हणाले.

"मी मेले तरी तुझ्याबरोबर यायची नाही."

"मग एक काम करते. हा गाऊन कडक इस्त्री करते, डाग वर येईल अशी घडी घालते आणि तुमच्या मुलाच्या काउंटरवर ठेवते. पांढऱ्या फितीत."

"तू करशील असं?"

"करीन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. नुसता राग, अगदी शुद्ध.

"तसलीच आहेस तू," त्या म्हणाल्या.

"असेन. सकाळी लवकर आवरा, तिथे गर्दी होते."

दवाखान्यात त्या माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या. मधल्या खुर्चीवर बटण बसली आणि दोघींच्या मांडीवर एकेक हात ठेवून पाय हलवत राहिली. तिला वाटत होतं आजी खास तिच्या इंजेक्शनसाठी आलीय. कुणीच तिचा गैरसमज दूर केला नाही.

"कुठल्या हाताला देऊ?" सिस्टरनी विचारलं.

बटणने विचार केला. "डाव्या. उजव्याने मला बटणं निवडायची असतात."

सिस्टरनी दंड पुसला, टोचलं, कापूस दाबला. बटणने डोळे घट्ट मिटले होते. ते एकेक करून उघडले.

"झालं?"

"झालं. दुसरं सहा महिन्यांनी."

"एवढंच?" ती माझ्याकडे वळली. "एवढ्यासाठी घरात इतकं भांडण?"

सिस्टर हसल्या. मी तिचा दंड धरून तिचे केस हुंगले. आत कुठेतरी एक दार मी बंद केलं होतं, आणि त्याच्या अलीकडे माझी लेक होती. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मग मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. अगदी लहानसा भाग बदललेला होता. तो त्यांनी तिथल्या तिथे उपचार करून काढला आणि वर्षाने पुन्हा यायला सांगितलं. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. मला रडू यायला हवं होतं, पण बाहेर सासूबाई पर्स घेऊन उठायच्या बेतात असतील या विचाराने मी घाईघाईने कपडे नीट केले.

त्या खरंच उभ्या राहिल्या होत्या. बटणने त्यांचा पदर धरून ठेवला होता. "आजी, आता तुझा नंबर," ती म्हणत होती. "दुखत नाही. मला विचार."

आत त्यांना बराच वेळ लागला. मग मला बोलावलं. सासूबाई टेबलाच्या कडेला बसल्या होत्या, साडीच्या निऱ्या हाताने पुन्हा पुन्हा दाबत.

"याआधी कधी तपासणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला काय झालं होतं तपासायला," सासूबाई म्हणाल्या. "ह्या बयेने आणलं. तिचं बघा, माझं काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, तुकडा काढून पाठवलाय, निकाल आला की दोघी या. त्यांनी जास्त काही सांगितलं नाही. पण हात धुताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती, आणि त्या आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ हात धूत राहिल्या.

परतीच्या वाटेवर सासूबाई फक्त बटणशी बोलल्या. घरी आल्यावर वाटी वाजतच राहिली.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. बटणला दुकानात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पुढे गेलेला, पण हाताबाहेर नाही. मोठ्या दवाखान्यात किरणांचे उपचार घ्यावे लागतील, लगेच सुरू करायला हवेत.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कशाने झाला?"

"तुमच्या सुनेला जो विषाणू सापडला ना, जवळजवळ नेहमी त्यानेच होतो हा. तुमच्यातही तो असणार. वीस वर्षं असेल, जास्तही असेल."

"माझ्यात?" त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "बाई, तोंड सांभाळून बोला. माझ्या नवऱ्याशिवाय मी आयुष्यात..."

आणि त्या थांबल्या. वाक्य जिथे चाललं होतं तिथे कोण उभं आहे ते त्यांना दिसलं असावं.

"एकाच माणसाबरोबर जन्म काढलेल्या बाईलाही होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि कुणाकडून ते मी कुणालाच सांगू शकत नाही. कारण ते कळत नाही. यात कुणाची अब्रू नाही, आजी. वेळेवर तपासणी झाली असती तर तुमचंही सुनेसारखं तिथल्या तिथे निभावलं असतं, इतकंच."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुला हे माहीत होतं?"

"मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी घरी येऊन तेच सांगत होते."

"नीट सांगायचं होतंस."

"चादर खाली पडली तेवढ्यात," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही, आणि मीही समजावलं नाही.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा हे निवडायच्या खोलीत होते. बटण टेबलाच्या टोकाला, समोर वाटी. काका प्रेसवर. ह्यांनी आईचा चेहरा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बाजूला बोलावणार होते, पण त्यांच्यात तेवढा धीर कुठला.

"काय निघालं? सांग की."

"कॅन्सर आहे. उपचार होतील," मी हळू म्हणाले. "वर चला, सांगते."

"कशाचा? तुझ्यासारखाच? त्याच्यामुळेच?" त्यांचा आवाज फाटला. "आईला पण तेच?"

प्रेसची वाफ बंद झाली. ह्यांनी दारातून बाहेर काउंटरच्या वर बघितलं, तिथे त्यांचे वडील कुणाच्या तरी कॉलरकडे बघत होते, आणि झटकन नजर काढून घेतली.

सासूबाईंनी चपला काढल्या. जिना चढून वर गेल्या आणि आपले दोन गाऊन, टॉवेल आणि उशीचा अभ्रा घेऊन खाली आल्या. ते टेबलावर टाकले, रीळ ओढलं आणि पिवळी फीत त्यांच्याभोवती गुंडाळायला लागल्या.

"आई, सोडा ते."

"का? नियम तो नियम. तुला बांधली, मग मला नको?"

"उकळून जात नाही तो. कपड्यांतून येतही नाही. मला बांधायची गरज नव्हती, तुम्हालाही नाही."

"मला शिकवू नकोस."

मी कात्री घेतली आणि त्या फीत ओढत होत्या तिथेच ती कापली. त्यांनी रिळाचं टोक पुन्हा ओढलं. मी पुन्हा कापली. पिवळे तुकडे टेबलावर पडत गेले. आमच्या दोघींच्या हातांचा एकमेकींना धक्का लागत होता, कितीतरी दिवसांनी, आणि तो काही प्रेमाचा नव्हता. हे मधे येऊन "आई, अगं, अहो, जाऊ दे ना" असं काहीतरी पुटपुटत होते. शेवटी रीळ त्यांच्या हातातून सुटलं आणि टेबलावरून घरंगळत बटणच्या पुढ्यात जाऊन थांबलं.

बटणने ते उचललं नाही. तिने हातातलं बटण वाटीत ठेवलं, अलगद, आजीने शिकवलेलं तसं. मग तिने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या कपाळावर ती छोटी आठी आली, गणित सुटत नसलं की येते ती.

"आई, तुला झालं तेच आजीला झालं ना?"

"हो."

"मग आजी पण तसली बाई आहे?"

सासूबाईंचे हात गाऊनवर तसेच राहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या. हेही बघत होते. मी बटणसमोर खाली बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई," ती म्हणाली, "तसली म्हणजे कसली?"